'मोनो' म्हणजे माकड? थांबा, आधी गाव विचारा

डिसेंबरातली संध्याकाळ होती. आमच्या फैजपूरला दिवसा स्वेटर नको वाटतं आणि अंधार पडला की दात वाजतात. साडेसातला माझा स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या एका बाईंशी व्हिडिओ कॉल चालू होता. ठिबकच्या फिल्टरचे दर ठरत होते. तेवढ्यात माझी चार वर्षांची पोरगी लाल माकडटोपी घालून, हातात अर्धं सोललेलं केळं घेऊन आली आणि थेट माझ्या मांडीवर बसली. तिकडून बाई ओरडल्या, "आय, के मोना!"

मी स्पॅनिश शिकलो पुण्यात, शनिवार-रविवारच्या वर्गात. पहिल्याच महिन्यात प्राण्यांची नावं पाठ झाली होती: पेर्रो कुत्रा, गातो मांजर, मोनो माकड. मोना म्हणजे अर्थात माकडीण. डोक्यावर माकडटोपी, हातात केळं. मला वाटलं, वा, बाईंना आपल्या टोपीचं नावसुद्धा माहीत आहे! मी छाती फुगवून सांगितलं, "हो, ही माकडाचीच टोपी आहे." पलीकडे सगळं गप्प. त्या टोपीला स्पेनमध्ये 'पासामोंतान्यास' म्हणतात, म्हणजे डोंगर ओलांडणारी. माकडाचा तिथे काही संबंध नाही. बाई एवढंच म्हणत होत्या, 'किती गोड आहे गं!'

मागे आई भाकरी थापत होती. तिचं माहेर अमळनेर, त्यामुळे घरात अहिराणीच. मोना म्हणजे माकडीण हे मी तिला कधीतरी सांगून बसलो होतो. कॉल संपताच तिने विचारलं, "मन्ही नातले माकडीन म्हनस का ती बाई?" मी समजावलं. तिला काही पटलं नाही. तिच्या मते गोड पोरीला कोणी माकडीण म्हणत नाही, आणि ज्या गावात म्हणतात त्या गावाला ठिबक विकू नये.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. जळगाव-भुसावळकडची बरीच पोरं आता स्पॅनिश शिकतात, कोणी निर्यातीसाठी, कोणी घरबसल्या फोनवरच्या नोकरीसाठी. त्यांच्यासाठी त्या वहीतलं एकच पान इथे उलगडतो. शब्द एक, मोनो. पण हा कसा पकडायचा ते कळलं की बाकीचे प्राणीही आपोआप आवरतात.

शब्द ऐकला की लगेच अर्थ लावू नका

शब्दकोश उघडण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. बोलणारा कुठल्या देशाचा? शब्दाच्या आधी काय आलं: 'उन', 'मुय', की एखादं क्रियापद? आणि बोलणं माणसाबद्दल चाललंय की वस्तूबद्दल? या तिन्हींची उत्तरं मिळेपर्यंत चेहरा कोरा ठेवायचा. हसायचं नाही, रागवायचं तर मुळीच नाही.

आपल्याला हे जड जाऊ नये. मराठीतही माकडहाड मोडलं म्हणून कोणी वनखात्याला फोन करत नाही. माकडटोपी माकड घालत नाही आणि माकडचाळे माणसंच करतात. (आई 'माकडचाये' म्हणते. आमच्याकडे ळ चा य होतो, केळ्याचं केयं, शाळेची शाया. गंमत म्हणजे स्पॅनिशमध्येही दोन 'एल' जोडून लिहिलेला जुना ल्य बहुतेक ठिकाणी य झाला आहे. कोंबडीला लिहितात 'पोल्यो', म्हणतात 'पोयो'. त्याला त्यांनी येईस्मो असं नावही दिलंय. खान्देशी कानाला हे फुकटात मिळतं, पुणेकर पोरांना वर्गात आठवडा लागला.)

स्पेनमधला माणूस असेल तर

स्पेनमध्ये मोनो हे विशेषण म्हणून सर्रास चालतं: गोड, छान, नीटनेटकं. पोरगं, पर्स, घर, कानातलं, काहीही 'मोनो' असू शकतं. बाईमाणसाला आणि स्त्रीलिंगी वस्तूला मोना. फारच आवडलं तर मोनीसिमो. एखादी वस्तू बघून 'के मोनादा!' म्हणाले तर 'काय गोंडस आहे!'. 'एस मोना' म्हणजे ती दिसायलाच छान आहे, आणि 'एस्ता मोना' म्हणजे आज छान दिसतेय. आपण 'आहे' आणि 'दिसतेय' यात जो फरक करतो तोच.

आता खरी मेख. विशेषण आहे की नाम आहे हे त्याच्या आधीच्या शब्दावरून कळतं. 'के' किंवा 'मुय' आलं, म्हणजे 'किती' किंवा 'फार', तर बहुधा विशेषण, बिनधास्त राहा. 'उन मोनो', म्हणजे 'एक माकड', असं माणसाबद्दल आलं तर ती शिवी आहे, आणि साधी शिवी नाही. काळ्या वर्णाच्या माणसाला हा शब्द वर्णद्वेषानेच म्हटला जातो. 21 मे 2023 ला याच व्हॅलेन्सियाच्या मेस्ताया मैदानावर रेआल माद्रिदचा ब्राझीलचा खेळाडू व्हिनिसियस ज्युनियर याला प्रेक्षकांतून माकड म्हणून हिणवलं गेलं. सामना थांबवावा लागला. जून 2024 मध्ये न्यायालयाने तीन प्रेक्षकांना 8 महिन्यांच्या कैदेची शिक्षा दिली आणि त्यांना दोन वर्षं मैदानाची दारं बंद केली. फुटबॉलच्या मैदानावरच्या वर्णद्वेषी शिवीगाळीबद्दल स्पेनमध्ये झालेली ती पहिली शिक्षा. एकाच गावात एका बाईने माझ्या पोरीला गोड म्हणण्यासाठी जो शब्द वापरला, त्याच शब्दापायी माणसं शिक्षा घेऊन बसली. आईला मी हे मुद्दाम सांगितलं नाही.

म्हणून शिकाऊ पोरांना माझा नियम: हा शब्द ऐकायचा, समजून घ्यायचा, पण स्वतः माणसाबद्दल वापरायचा नाही. लहान मूल किंवा वस्तू असेल तर ठीक. मोठ्या बाईला 'मुय मोना' म्हणालात तर कौतुकही होईल किंवा तुम्ही तिला बाहुलीत काढलंत असंही होईल. मीटिंगमध्ये कोणी तुमच्या कल्पनेला 'मुय मोना' म्हणालं तर फार खूश होऊ नका. 'छान हो, आता कामाचं बोला' असा त्यात सूर असतो.

स्पेनचंच पुढे. त्याच गिऱ्हाइकाकडून एकदा जोडणीच्या सामानाची यादी आली, त्यात लिहिलेलं: मोनोस दे त्राबाखो, 12, साइज एल. कामाची बारा माकडं, मोठी. आमच्या स्टोअरच्या माणसाने यादीवर नजर टाकून विचारलं, "भो, हे वानरं पाठवायचे का तिकडे?" तो असतो अंगभर एकसंध कामाचा डगला, गॅरेजवाले घालतात तसा निळा. 1936 च्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने लढणारे कामगार हाच निळा मोनो घालून आघाडीवर गेले होते, म्हणून तिकडच्या जुन्या फोटोंत तो सारखा दिसतो. बायकांचा एकसंध ड्रेस असतो तोही मोनोच. समुद्रापार गेलात की मात्र शब्द बदला: कोलंबिया, मेक्सिकोत 'ओबेरोल', अर्जेंटिनात 'मामेलूको'. मेक्सिकोच्या यादीत कपड्याला मोनो लिहिलंत तर ते बाहुल्या समजतील. हा विनोद नाही, पुढे सांगतो.

मग 'तेनेर मोनो दे'. म्हणजे एखाद्या गोष्टीची तलफ येणं, ती मिळाली नाही की जीव कासावीस होणं. शब्द आला नशा करणाऱ्यांच्या बोलीतून, नशा सुटली की अंगात जी तडफड होते तिला मोनो म्हणायचे. आता कॉफी, समुद्र, फुटबॉल, कशाचीही तलफ चालते. मी कामासाठी बारा दिवस व्हॅलेन्सियाला गेलो होतो. पहिले चार दिवस भात आणि मासे कौतुकाने खाल्ले. पाचव्या दिवशी जेवताना न राहवून बोलून गेलो, "तेंगो मोनो दे शेवभाजी." टेबलावर सगळे हसले, कारण व्याकरण बिनचूक होतं. मग शेवभाजी म्हणजे काय हे सांगण्यात अर्धा तास गेला. चण्याच्या पिठाची तळलेली शेव पुन्हा रश्शात का बुडवायची, याचं उत्तर मला कुठल्याच भाषेत देता आलं नाही.

तिथेच कळलं की 'मोना' म्हणजे दारू चढणंसुद्धा. 'दोर्मिर ला मोना' म्हणजे ती उतरेपर्यंत झोपून राहणं. सोमवारी सकाळी कोणी सहकारी 'मोना झोपवतोय' असं ऐकलंत तर पाळणा आठवू नका.

आणि ईस्टरला त्याच बाईंनी फोटो पाठवला: गोल पाव, मधोमध सालासकट उकडलेलं अंडं बसवलेलं. नाव 'मोना दे पास्क्वा'. व्हॅलेन्सिया-कातालोनियाकडे ईस्टरच्या सुमारास धर्मपिता आणि धर्ममाता आपल्या मुलाला ती देतात. आपल्याकडे मामाने भाचराला काही गोडधोड आणावं तशी रीत. इथे माकडाचा काडीचा संबंध नाही, हा शब्द वेगळ्याच अरबी शब्दावरून आला, शिधा-सामग्री अशा अर्थाचा. आणि माकडवाला मोनोही फिरून अरबीवरच जातो: 'मैमून', अर्थ शुभ, भाग्यवान. फारसीत आजही माकडाला मेमून म्हणतात.

म्हणी दोन-तीनच सांगतो, कारण वापरायच्या नाहीत, ओळखायच्या आहेत. 'आऊंके ला मोना से बिस्ता दे सेदा, मोना से केदा.' माकडीण रेशीम नेसली तरी माकडीणच राहते. आपला कोळसा उगाळावा तितका काळाच, त्यातला प्रकार, फक्त हिचा रोख बहुतेक बाईवर असतो, म्हणून ऑफिसात नको. 'सेर एल उल्तिमो मोनो', शेवटचं माकड असणं: ज्याला कोणी विचारत नाही तो. ही स्वतःबद्दल म्हणायला हरकत नाही, नवीन पोरांना तर पहिल्या दिवसापासून लागू पडते. 'तेंगो मोनोस एन ला कारा?', माझ्या तोंडावर माकडं आहेत का? म्हणजे काय टकामका बघतोस, शिंगं फुटलीत का मला? आणि कोणी तुम्हाला माकडिणी तळायला पाठवलं, 'आ फ्रेइर मोनास', तर गेलात उडत असं समजा आणि फोन ठेवा.

कोलंबिया आणि त्याचा शेजारी

इथे माझं सगळ्यात मोठं हसं झालं, दोनदा.

कोलंबियाच्या मेदेयीनमधल्या डीलरशी बोलणं चाललं होतं. आपल्याकडे साडेसात म्हणजे तिकडे सकाळचे नऊ, त्यामुळे ते ताजेतवाने आणि मी दिवसभराचा शिणलेला. ते म्हणाले, माल उतरवायचं सगळं 'एल मोनो' बघेल, त्यालाच मेल टाका. मला वाटलं आडनाव असेल. मी मेल लिहिली: 'एस्तिमादो सेन्योर मोनो', आदरणीय श्री. मोनो. ती मेल म्हणे त्यांच्या ऑफिसात छापून भिंतीला लावली.

कोलंबियात मोनो म्हणजे भुऱ्या. आपल्याकडे गावात केस जरा पिंगट, अंग जरा उजळ असलं की भुऱ्या नाव पडतं आणि म्हातारपणापर्यंत सुटत नाही, अगदी तसं. त्यात अपमान नाही. दुकानदार बाईला 'मोना', 'मोनिता' अशी हाक मारतो, केस काळेभोर असले तरी. 2010 मध्ये मारला गेलेला फार्क या बंडखोर संघटनेचा कमांडर 'मोनो होहोय' या नावानेच ओळखला जायचा. त्याच्या बातमीत माकड शोधू नका. हेच भुरेपण मेक्सिकोत 'ग्वेरो', व्हेनेझुएलात 'कातीरे', स्पेन-अर्जेंटिनात 'रुब्यो'. कोलंबियात आणखी एक मोना आहे, विश्वचषकाच्या अल्बममध्ये चिकटवायचे खेळाडूंचे स्टिकर. कोणी म्हणालं 'मला तीन मोना कमी आहेत' तर त्याचं लग्न काढू नका.

आता दुसरं हसं. माझे मामा रावेर तालुक्यातले केळीवाले. केळी पिकवण्यात भारत जगात पहिला, पण बाहेर विकण्यात इक्वाडोर पहिला, हे मामांच्या फार जिव्हारी लागलेलं आहे. त्यांनी मला कामाला लावलं, तिकडचे लोक घड कसा झाकतात, पेटी कशी भरतात, विचार म्हणाले. ओळखीतून ग्वायाकीलच्या एका व्यापाऱ्याचा नंबर मिळाला. कॅमेऱ्यात माणूस बऱ्यापैकी गोरा, केस पिंगट. मी नुकताच कोलंबियाचा धडा शिकलेलो, जवळीक दाखवायला विचारलं, "उस्तेद एस मोनो, नो?"

तो दोन क्षण बघतच राहिला.

इक्वाडोरमध्ये डोंगराळ भागातले, किटोकडचे लोक किनारपट्टीच्या लोकांना 'मोनो' म्हणून हिणवतात. आणि ग्वायाकील म्हणजे किनारपट्टीचं सगळ्यात मोठं शहर. मी परदेशातून फोन करून, ओळख व्हायच्या आत, त्यांच्या घरचं भांडण उकरून काढलं होतं. माणूस मोठ्या मनाचा. हसला आणि म्हणाला, "मोनो, ई आ मूचा ओन्रा." मोनो आहे, आणि अभिमानाने आहे. मग केळ्याबद्दल भरभरून बोलला. त्याच्या तोंडी केळं 'गिनेओ' होतं, मी स्पेनच्या सवयीने 'प्लातानो' म्हणत होतो, ते तिकडे भाजी करायचं केळं. मामांना मी निरोप नीट पोचवला, मधली दोन मिनिटं गाळून.

नकाशावर कोलंबिया आणि इक्वाडोर एकमेकांना चिकटलेले आहेत. एका बाजूला लाडाची हाक, सीमेपलीकडे टोमणा. व्हेनेझुएलात तर एखाद्याला गावंढळ, खालच्या थरातला म्हणून हिणवायलाही तो वापरतात. म्हणून म्हटलं, आधी गाव विचारा. विचारायला लाज वाटत असेल तर फोनचा देश-क्रमांक बघा: 57 कोलंबिया, 593 इक्वाडोर, 34 स्पेन, 52 मेक्सिको, 56 चिली, 58 व्हेनेझुएला. मी वहीत शब्दाआधी हाच आकडा लिहितो. त्यापुढे पूर्ण वाक्य, सुटा शब्द कधीच नाही. आणि शेवटी, बोलणारा हसत होता की नाही.

मेक्सिको, चिली: भरभर

मेक्सिकोत मोनो म्हणजे बाहुला किंवा काढलेलं चित्र. वर्तमानपत्रात व्यंगचित्रं काढणारा तो 'मोनेरो'. बर्फाचा माणूस 'मोनो दे निएवे'. आता कळलं ना, कपड्यांच्या यादीत मोनो का लिहायचं नाही? पण तिथल्या 'मोना'पासून जरा सावध, रस्त्यावर हुंगण्यासाठी द्रावणात भिजवलेल्या बोळ्याला तेच नाव आहे.

चिलीत पोरं टीव्हीवर 'मोनोस आनिमादोस' बघतात, म्हणजे कार्टून. आणि कोणी 'आपले मोनो उचलून गेला' असं ऐकलंत तर तो आपलं चंबूगबाळं आवरून गेला, सर्कस सोडून नाही.

अडलंच तर

दोन वाक्यं पाठ करून ठेवा. 'एन के सेंतीदो?', कोणत्या अर्थाने? आणि 'आका सिग्निफिका ओत्रा कोसा', आमच्याकडे याचा अर्थ वेगळा होतो. दुसरं वाक्य जादूचं आहे. ते म्हटलं की समोरचा माणूस आपल्या गावचे अर्थ खुशीने सांगत बसतो. माझी अर्धी वही त्यानेच भरली. फक्त चेहऱ्यावर खरं कुतूहल हवं, नाहीतर ते टोमण्यासारखं वाजतं.

परवा ऑफिसात नवीन लागलेला पारोळ्याचा पोरगा हे सगळं पान वाचून माझ्याकडे आला. फार सावध झालेला. हातात चिलीहून आलेली पंपाची चौकशी, तिच्यात 'मोतोर मोनोफासिको, 2 एचपी' खाली पेन्सिलीने रेघ मारलेली.

"दादा, चिलीमा मोनो म्हणजे कार्टून ना? मग ही मोटर..."

म्हटलं, भो, हा मोनो ग्रीक आहे. सिंगल फेज लिही आणि दर काढ.